शेगडीमागची बाटली

सोमवार, ४ नोव्हेंबर

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. बावीस वर्षांत ते सुधारलेलं नाही. उलट आता हात थरथरतो, त्यामुळे ओळी उतारावरून घसरत गेल्यासारख्या दिसतील. तिसरीपर्यंतची शाळा, त्यातलं अर्धं वर्ष गोवरात गेलं. तेव्हा मनातल्या मनात दुरुस्त करत वाच. पूर्वी मी सामानाची यादी केली की तू हळूच दुरुस्त करायचीस आणि मला कळलंच नाही असं मी दाखवायची.

आनंदाची गोष्ट आधी सांगते, नाहीतर माझं नेहमीसारखं होईल, निघायचं एकीकडे आणि पोचायचं भलतीकडे. नात माझ्याकडे राहायला आली आहे. तू गेलीस तेव्हा पाच वर्षांची होती, तुझ्या कोटाच्या खिशात हात घालून घरभर फिरायची. आता सत्तावीस. मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कुठल्या रोग्यानं काय खायचं ते ठरवते. डॉक्टरसुद्धा तिला विचारतात म्हणे. म्हणजे असं तीच सांगते. सकाळी ती जिना उतरली की मी खिडकीतून मुद्दाम मोठ्यानं ओरडते, "डबा घेतलास का गं?" डबा मीच दिलेला असतो. पण गल्लीला कळायला हवं ना, म्हातारीकडे कुणीतरी आहे.

दुसरी गोष्ट माझ्या काळजाची. काळीज ठीक आहे, पण रक्तात चरबी वाढली आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, लोणी किती खाता?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्याच दिवशी नातीनं लोण्याचा डबा शेजारी देऊन टाकला आणि टेबलावर ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणून ठेवली. म्हणाली, "आजी, हे औषध नाही. लोण्याच्या जागी हे, लोण्याच्या जोडीला नाही." भाजीवर चमचाभर, पावाला चमचाभर. धूर निघेपर्यंत तापवायचं नाही. शेगडीच्या वर किंवा उन्हात ठेवायचं नाही, काळ्या बाटलीत झाकून ठेवायचं. सगळं तुझंच बोलणं तिच्या तोंडून. मी ऐकत होते आणि तू आठवत होतीस.

काय काय करायचीस तू त्या तेलाचं. दाराची बिजागरी कुरकुरली, दोन थेंब. पाव कापायची फळी सुकली, फडक्यानं तेल. माझ्या सुटकेसची चेन अडकली तेव्हा मी ओढून ओढून दमले, तू काडीच्या टोकानं जरासं लावलंस आणि बोटानं सरकवलीस. शिंपिणीच्या कात्रीला, ह्यांच्या बुटांना. त्या शिंपिणीचं बोट सुजून अंगठी रुतली होती, सोनार कापायला निघाला होता, तू तेल लावून दोरा गुंडाळून चुटकीसरशी काढलीस. माझ्या टाचांना मात्र मी कधी लावू दिलं नाही. मला नको, म्हणायची.

मागचं सगळं आता जाऊ दे. आपण दोघी म्हाताऱ्या झालो. माझं काही चुकलं असेल, तुझंही काही चुकलं असेल.

उत्तर पाठव. आणि सहज विचारते, हे तेल फार थंडीत ठेवलं तर त्याचं काय होतं, तुला माहीत असेल ना?

तुझी जाऊ


गुरुवार, २१ नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर आलं नाही. येणार कसं. असं पत्र मला कुणी लिहिलं असतं तर मी त्यात भाजीची सालं गुंडाळली असती. "तुझंही काही चुकलं असेल" असं लिहून गेले आणि पेटीत टाकल्यावर ते वाक्य घशात हाडासारखं अडकून बसलं. तुझं काय चुकलं होतं? काही नाही. आता सरळ लिहिते.

परवा नातीनं ती बाटली धुऊन पुसून उत्तरेच्या खिडकीत ठेवली. थंडी कडाक्याची पडली आहे. सकाळी बघते तर तेल पांढरं, दाट, गोळे गोळे झालेलं. मी दोन पावलं मागे सरले. नात हसायला लागली. म्हणाली, "आजी, भूत बघितल्यासारखं काय करतेस? थंडीनं गोठतं ते. उबेला ठेव, मोकळं होईल." आणि झालं की. दुपारी बघते तर सोन्यासारखं.

धाकटे, तूही अगदी हेच म्हणाली होतीस. याच शब्दांत. "जाऊबाई, थंडीनं गोठतं ते."

तशी थंडी ना त्याच्या आधी पडली होती ना नंतर यंदापर्यंत पडली. तुझ्या माहेरच्या झाडांचं तेल, तू कापडातून गाळून, बाटलीच्या गळ्याला निळा दोरा बांधून विकायचीस. अख्खी गल्ली न्यायची. इकडे कुणाच्या बापजन्मी ऑलिव्हचं झाड दिसलं नव्हतं, पण तुझ्यामुळे सगळ्यांना ते तेल लागायला लागलं. त्या दिवशी मी सामानाच्या खोलीत गेले आणि खिडकीतली तुझी बाटली पांढरीफटक. मी इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही. उचलली बाटली आणि थेट बेकरीत. सकाळची रांग होती. मी सगळ्यांसमोर बाटली उलटी धरली. थेंब पडला नाही. म्हटलं, "बघा, काय खाताय ते. जनावराची चरबी आहे ही." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बेकरीवाला त्याच तेलाचे पाव करायचा. त्यानं तेलाचे डबे रस्त्यावर आणून ठेवले. बायकांनी घरी जाऊन बाटल्या मोरीत ओतल्या. तू धावत आलीस, पायात घरातल्याच सपाता, आणि सांगत राहिलीस, थोडी ऊब द्या, थोडी ऊब द्या. तेव्हा मी काय म्हणाले तेही आठवतं. "चोराच्या उलट्या बोंबा."

तिसऱ्या दिवशी भाऊजी आणि तू घर सोडून गेलात.

मला माहीत नव्हतं गं. अडाणी बाई मी, मला तेल तेवढं कळतं जेवढं कढईत दिसतं. बावीस वर्षांनी परवा नातीनं सांगितलं तेव्हा कळलं. लाज वाटते. तुला तोंड दाखवायला जागा नाही. भाऊजी गेले तेव्हाही आले नाही, पाठदुखीचा निरोप पाठवला. पाठ दुखत नव्हती.

माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. तुला वाटलं तर कर.

तुझी जाऊ


सोमवार, २ डिसेंबर

धाकटे,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. "पत्र पोचलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर दोष कसला. तब्येत जपा."

नातीनं मला मिठी मारली. म्हणाली, "बघ, किती साधी गोष्ट होती, तू उगाच बावीस वर्षं घालवलीस." मीही हसले. दिवसभर घरभर गाणं म्हणत फिरले, आवाज कसा आहे तुला ठाऊक आहे. सूप केलं, तिच्या मैत्रिणीला जेवायला बोलावलं. आणि जेवताना पावाला तेल लावलं तर घास गिळेना. खाई त्याला खवखवे.

मागच्या पत्रात एक खोटं आहे. तेच एक खोटं मला बावीस वर्षं पुरलं.

बेकरीतून आल्यावर ती बाटली मी शेगडीमागच्या फळीवर ठेवली होती. हे गावाला गेले होते, तिसऱ्या दिवशी येणार होते. त्यांना पुरावा दाखवायचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडी पेटवली, पाणी ठेवलं आणि वर हात घातला. बाटली मोकळी झाली होती. स्वच्छ, पिवळी, पलीकडचा डबा दिसावा इतकी. मी उलटी केली. खळकन हललं. पुन्हा उलटी केली. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळायला तेवढं पुष्कळ होतं.

वरच्या खोलीत तुम्ही पेट्या ओढत होता. आवाज येत होता. जिना बारा पायऱ्यांचा. वर येऊन म्हणायला हवं होतं, "थांबा, माझी चूक झाली." मी काय केलं? बाटली पिठाच्या डब्यामागे सरकवली आणि बटाटे सोलत बसले. किती सोलले ठाऊक नाही, दोन दिवस आम्ही बटाटेच खाल्ले. मध्ये तू तुझं नरसाळं आणि गाळायचं कापड घ्यायला स्वयंपाकघरात आलीस. मी मान वर केली नाही. मग भाऊजी सामान घेऊन खाली उतरले, तू दाराशी बसून बुटाची नाडी बांधत राहिलीस. किती वेळ. मी मनात म्हणत होते, जात का नाही ही एकदाची.

का केलं असं विचारशील. मलाही विचारत आले. लग्न होऊन त्या घरात आधी मी आले, दार मी उघडायची. आणि दारात उभा राहिलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, "धाकट्या बाई आहेत का?" बेकरीवाला, शिंपीण, शाळेतले मास्तर, सगळे. माझ्या खांद्यावरून आत बघायचे. मी बाजूला व्हायची. वीस वर्षं मी बाजूला होत होते. बेकरीत त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते. ते मला सोडवेना. एवढंच कारण आहे आणि ते किती लहान आहे हे लिहिल्यावरच दिसलं.

अजून संपलं नाही. ते तेल मी टाकलं नाही. वर्षभर वापरलं. टाचांना लावायची, दार लावून. तूच सांगितलं होतंस तसं, कोमट पाण्यात पाय बुडवून, पुसून, वर मोजे घालून. भेगा भरल्या. ह्यांनी एकदा विचारलं, "टाचा फार मऊ झाल्या तुझ्या?" मी म्हटलं, वय झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेपरचं पान उलटलं. त्यांना कळलं होतं. मरेपर्यंत विचारलं नाही, आणि न विचारण्याचा मार मी खाल्ला. एकदा पावाला लावून खाल्लं. इतकं चांगलं लागलं की मला तुझा राग आला. बघ कसली बाई मी. गल्लीला चरबी म्हणून सांगितलं आणि स्वतः चाटूनपुसून खाल्लं. जनाची नाही, मनाची तरी असावी. रिकामी बाटली अजून आहे, निळ्या दोऱ्यासकट. बटणं ठेवते तीत.

ते कार्ड मला घेता येत नाही. या पाकिटात परत ठेवलं आहे.

जाऊ


सोमवार, १६ डिसेंबर

धाकटे,

तू लिहिणार नाहीस हे धरूनच लिहिते. तुला सांगून मी मोकळी होणार आणि गल्लीत तू चोर ती चोरच, हे काही बरोबर नाही. त्यामुळे गुरुवारी मी बेकरीत गेले.

नातीची बाटली रात्रभर खिडकीत ठेवली होती. सकाळी गोठली. शाल गुंडाळली, बाटली पोटाशी धरली. पोटाशी नको, वितळेल, असं वाटून मग हातात धरून नेली. बोटं बधिर झाली. रांग होतीच. बेकरीवाला आता गल्ल्यामागे स्टुलावर बसून असतो, गुडघे गेले आहेत. शिंपीण पहिल्या नंबरला. मास्तर पेपर वाचत उभे. मी बाटली पुढे केली आणि उलटी धरली. थेंब पडला नाही.

शिंपीण म्हणाली, "आता कुणाचं घर मोडायचंय आजी?"

बघ म्हणजे, लोकांना सगळं आठवत होतं.

मी म्हटलं, "माझंच. ही बाटली भट्टीवर ठेवू का?" बेकरीवाला म्हणाला, "ठेवा, पण इथे तमाशा नको, गिऱ्हाईक आहे." मास्तर म्हणाले, "असू दे, मला काही घाई नाही." त्यांना कधीच नसते. मी बाटली भट्टीच्या कडेला ठेवली आणि सगळे बघत राहिले. पाव घेतलेलेही जाईनात. कडेनं आधी पिवळी रेघ आली. मग गोळा खाली सरकला. मग सगळंच स्वच्छ झालं. बेकरीवाल्यानं स्वतः उठून बाटली हलवली, वास घेतला, बोटावर घेऊन चाखलं.

"म्हणजे ती खरं बोलत होती," तो म्हणाला.

"हो. थोडी ऊब द्या म्हणत होती, ती ऊब ही."

"तुम्हाला हे आत्ता कळलं होय?"

इथे मला पुन्हा एकदा सोडून देत होते गं. दार उघडंच होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "नाही. तिसऱ्या दिवशीच कळलं. ते घरातच होते तेव्हा. मी गप्प बसले."

बेकरीवाल्यानं बाटली खाली ठेवली. मग शिंपीण म्हणाली, "जायच्या दिवशी ती माझ्या दुकानासमोर थांबली होती. 'शिंपीणबाई, तुम्ही तरी' एवढंच म्हणाली. माझं बोट वाचवलं होतं तिनं. मी कात्री चालवत राहिले. तुमच्या शब्दावर." पाव न घेताच गेली. संध्याकाळी तिच्याकडे शिवायला दिलेला माझा कोट परत आला, बाही उसवलेली होती तशीच, टाका न घालता. बेकरीवाला म्हणाला, "आजी, पाव घ्यायला आता नातीला पाठवत जा." मास्तरांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली.

खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. चालत घरी आले तर शाल घसरतेय, वारा आत शिरतोय आणि मी मान वर करून चालतेय. वेड लागल्यासारखं. इतकी वर्षं हीच माणसं माझ्याशी गोड बोलायची आणि ते गोड मला कधी पचलं नव्हतं.

नात दोन दिवस बोलली नाही. ते मात्र पचलं नाही. डबा मी भरायची, ती न बोलता उचलायची, खिडकीतून ओरडायला माझं तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी पावाचा तुकडा तेल लावून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ते कार्ड आलं त्या दिवसापासून तू माझ्यासमोर हे कधी खाल्लं नाहीस. आज खा." मी खाल्लं. ती समोर बसून बघत होती, रोग्याकडे बघतात तशी. मग म्हणाली, "आजी, तुझ्याकडून हे झालं हे मला आवडलं नाही. तू सांगितलंस हे आवडलं. दोन्ही राहतील." मी म्हटलं, राहू दे.

जाऊ


गुरुवार, ९ जानेवारी

धाकटे,

पार्सल मिळालं. पोस्टमन म्हणाला, "आजी, आत काही फुटायचं आहे का, हलवलं तर आवाज येत नाही." येणार कुठून. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली बाटली, गळ्याला निळा दोरा, आणि आत तेल पांढरं, घट्ट, दगडासारखं. गाडीतल्या थंडीनं.

तुझी चिठ्ठी मी नातीला वाचू दिली नाही. चष्मा पुसून पुसून स्वतः वाचली. आता पाठ झाली आहे.

"बाटली शेगडीजवळ ठेवा, दुपारपर्यंत मोकळी होईल. तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशी नरसाळं घ्यायला आले तेव्हा पिठाच्या डब्यामागे निळा दोरा दिसला होता, आणि त्याखालचं तेलही दिसलं होतं. म्हणून दाराशी बसले. नाडी सुटलेली नव्हती. वाटलं, हाक माराल."

धाकटे, म्हणजे ते पहिलं कार्ड लिहितानाही तुला माहीत होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं तर दोष कसला, असं लिहून तू पुन्हा दाराशी बसलीस. या वेळी मी हाक मारली म्हणायची, पण किती उशिरा, आणि बटाटे सोलून झाल्यावर.

शिंपीण परवा जिन्यात भेटली. बोलली नाही, पण तुझा पत्ता मागितला. हातानं, असा तळवा पुढे करून. मी लिहून दिला. तिच्या पत्राला उत्तर देशील तर दे, माझ्या भिडेनं देऊ नकोस.

बाटली शेगडीजवळ ठेवली आहे. मधूनमधून जाऊन बघते. नात म्हणते, "आजी, दूध आहे का ते उतू जायला?" कडेनं पिवळी रेघ आली आहे आत्ता, लिहिता लिहिता.

तुला जिना उतरवत नाही असं चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंस. मला अजून चढवतो. शनिवारी नातीबरोबर येते. टाचा दाखवीन तुला, तुझ्याच तेलाच्या आहेत. कोटाची बाही मी माझी मीच शिवली, वाकडी झाली आहे, हसलीस तरी चालेल. बटणं काढून तुझी जुनी बाटली धुऊन ठेवली आहे, तीही आणते.

एक कर. दार वाजलं की लगेच उघडू नकोस. मी बाहेरून विचारीन, "धाकट्या बाई आहेत का?" तू हवा तेवढा वेळ घे. मी नाडीचे बूट घालून येणार आहे. दाराशी बसून बांधत राहीन.

तुझी जाऊ